ठकूमावशीची चूल

आमच्या संग्रहालयातल्या झोपडीत ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी आहे आणि तिच्याच खाली ठकूमावशी पाय पसरून बसायची. पाहुणे आले की आधी पाणी विचारायची. “हुबं ऱ्हाऊन काय बगता? टेका वाईच!” लोणावळ्याला चिक्की घ्यायला आलेली माणसं वाट वाकडी करून आमच्याकडे येत आणि दूरच्या आत्याकडे गेल्यासारखी अंग चोरून बसत.

डोंगरवाडीचं जुनं जगणं लोकांना दिसावं म्हणून उघड्या माळावर चार झोपड्या उभारल्या, त्यांची मी व्यवस्थापक. मावशी आंदर मावळातली. ही झोपडी तिनं स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमाती, बांबूचे वासे, भाताच्या पेंढ्याचं छप्पर. गडी चुकला की त्याच्या हातातला कोयता काढून घ्यायची. “घर बांदतुयास का गोटा?” एकदा मला म्हणाली, “माझं घर पोरानं पाडलं न् स्लॅब टाकला. आता हे येकच ऱ्हायलंय.”

आमचं बिनसलं ते चुलीवरून. रोज सकाळी ती चूल पेटवायची. वर पेंढा, खाली जाळ, एक ठिणगी उडाली की सगळं खाक. शेवटी मी बंदीच घातली.

“म्याडम, धूर न्हाई त्या घरात मानूस ऱ्हात न्हाई, भुंगा ऱ्हातो,” ती म्हणाली.

मला ती म्हण वाटली. शहाणपणा करून मी चुलीत लाकडांखाली लाल दिवा बसवला. मावशीनं तो न्याहाळला. “ह्याच्यावर भाकर टाकू का?” असं विचारून ती निघाली, ती पुन्हा आली नाही. माझी चूक असेल असं तेव्हाही मला वाटलं नाही.

पावसाळा सरला. एक दिवस वाशाला डोकं लागलं तर खांद्यावर पिठासारखा भुसा सांडला. नख लावलं, ते आत गेलं. बांबूला भुंग्यानं पोखरलं होतं. धुराला कीड टिकत नाही, एवढं साधं ती सांगत होती!

मान खाली घालून तिच्या वाडीवर गेले. मावशी अंथरुणाला खिळलेली. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिनं मधेच विचारलं, “किती वासे गेले?”

“सात.”

“जाऊ द्या. बाकीच्यास्नी धूर द्या. जाळ लय नको, वलं लाकूड घाला वाईच.”

दुसऱ्या दिवसापासून चूल मीच पेटवू लागले. पहिल्या दिवशी खोकून जीव गेला. सात वासे बदलले आणि बाकीच्यांवर रोज नजर ठेवली. उन्हाळा लागेपर्यंत भुसा पडायचा थांबला. आनंदानं मावशीला सांगायला निघाले, तर तिच्या मुलाच्या दारात माणसं जमली होती.

गर्दीतून आत जाऊन तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “मावशी, घर वाचलं.” तिला ऐकू जाणार नव्हतं, पण हे सांगितल्याशिवाय माझा पाय तिथून निघाला नसता.