कानात सांगितलेला स्कोअर

आपला संघ एकदिवसीय मालिकेसाठी ऑस्ट्रेलियात होता, तेव्हा माझी पत्नी शेवटचे दिवस नवीन जालन्यातल्या एका दवाखान्याच्या आयसीयूत मोजत होती. शेजारच्या खाटेवर मंठ्याकडचे एक म्हातारे बेशुद्ध पडून होते. त्यांचा मुलगा बाहेर बाकावर मोबाइल कानाला लावून समालोचन ऐकत बसायचा. भेटीची वेळ झाली की देवळात जावं तशा चपला काढून आत जायचा आणि तोंडाशी हात धरून बापाच्या कानात स्कोअर सांगायचा.

"अहो, त्यांना काय कळणारे?" परिचारिका एकदा हसली.

"सांगू द्या ताई. आखरी बॉल पडल्याबिगर बाबा जागचे उठत न्हाईत. आई जेवायला हाका मारून थकायची."

शेवटचा सामना आपण दुपारीच हरलो. त्याच दुपारी डॉक्टरांनी त्याला आशा सोडायला सांगितलं. संध्याकाळी मी पत्नीचा हात धरून बसलो असताना तो आत आला, बापाच्या कानाशी वाकला.

"बाबा, अजून धा ओव्हर बाकी हायेत. उठायची जल्दी करू नका."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बी सांगा ना, सर."

मी म्हणालो, "हो बाबा, सामना चालू आहे."