वेताची खुर्ची आणि बसफुगडी

आमच्या वहिनी बसल्या जागेवरून उठताना हात वापरत नसत. खुर्चीचे दांडे, स्वतःचे गुडघे, शेजारणीचा खांदा, कशालाच त्यांचा हात लागत नसे. दोन्ही हात छातीशी बांधून त्या सरळ उभ्या राहत आणि मग आपण कसे उठतो ते बघत. मी कण्हत, दांड्यांना लोंबकळत सोफ्यातून वर येऊ लागलो की विचारत, "भाऊजी, उठताय की क्रेन मागवू?"

ही सवय जन्मजात नव्हती. तिच्या मुळाशी एक बसफुगडी आहे आणि माझा एक मूर्खपणा.

दादा आणि मी दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत. दिल्लीत रामकृष्णपुरमला एकाच जिन्यावर आमची क्वार्टर्स. मी सडाफटिंग, त्यामुळे जेवायला वहिनींकडे. दरवर्षी गौरीला आसपासच्या मराठी बायका त्यांच्या बैठकीत जमत. झिम्मा सगळ्या खेळत, पण उकिडवं बसून पाय आलटूनपालटून पुढे टाकायची बसफुगडी ही वहिनींची मक्तेदारी. नव्या सुनांना त्या दमवून सोडत. पन्नाशी उलटली, पाळी थांबली आणि त्यानंतरच्या गौरीला वहिनी खाली बसल्या त्या बसल्याच. उठताच येईना. दोघींनी बखोट धरून वर काढलं. वहिनी सगळ्यांबरोबर हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना म्हणाल्या, "संपलं बाई माझं खेळणं." लाटणं थांबलं नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

लगेच माझ्यातला परोपकारी माणूस जागा झाला. मी पंचकुइयां रोडच्या फर्निचर बाजारातून एक वेताची खुर्ची घेतली, ऑटोत मांडीवर धरून आणली आणि भिशीला जमलेल्या बायकांसमोर जाहीर केलं, "पुढच्या गौरीला वहिनी या खुर्चीत बसून परीक्षक होणार!"

कोणी टाळी वाजवली नाही. वहिनींनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हारही आणलाय का, भाऊजी? फोटोला घालायला?"

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरकडे निघाल्या. प्रायश्चित्त म्हणून पिशवी धरून मी मागे. डॉक्टरीणबाई पंजाबी, आवाज खणखणीत. "दिन भर में क्या खाती हैं आप?"

वहिनींनी अभिमानाने पोहे, पोळी-भाजी, वरण-भात आणि उपासाचा साबुदाणा, सगळं सांगितलं.

"और प्रोटीन?"

"वरण है ना!"

"डॉक्टर साहब," मी मध्ये तोंड घातलं, "इनके वरण में कटोरी का तला दिखता है." आयुष्यात माझ्या तोंडून निघालेलं हे एकमेव उपयोगी वाक्य असावं.

बाईंनी समजावलं, की पाळी गेल्यावर स्नायू भराभर झिजू लागतात. त्यांना दर जेवणात प्रोटीन हवं आणि पायांना काम हवं. "दाल गाढ़ी कीजिए. दही, पनीर, चना, सोयाबीन. अंडा चलता हो तो अंडा. और रोज़ कुर्सी से उठिए-बैठिए, हाथ लगाए बिना."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "खुर्ची आहेच घरात."

मग घरात क्रांती झाली. "हे वरण आहे की पिठलं?" दादा ताटावर कुरकुरायचा. संकष्टीच्या फराळात साबुदाण्याची जागा दह्याने आणि पनीरने घेतली. "गणपतीपुढे खेळायला पाय लागतात. त्याला चालेल," वहिनींनी परस्पर ठरवून टाकलं. अंडं मात्र त्या घरात कधी शिरलं नव्हतं. त्यामुळे रोज सकाळी "भाऊजींना चहा देऊन येते" म्हणत त्या माझ्या स्वयंपाकघरात यायच्या आणि ऑम्लेट करून खायच्या. एकदा दादा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "हल्ली त्याच्या चहाला कांद्याचा वास येतो." तेवढंच. दादाला सगळं माहीत होतं.

खुर्चीतून सुरुवातीला त्यांना हात न लावता उठवत नव्हतं. मग खाली दोन उशा घेतल्या. काही आठवड्यांनी एक काढली, पुढे दुसरीही. धीर द्यायला म्हणून मीही शेजारी स्टुलावर उठबस करायला लागलो आणि पहिल्याच दिवशी स्टुलासकट आडवा झालो. "तुम्ही फक्त पनीर आणा," वहिनी म्हणाल्या.

पुढची गौर आली. वहिनींनी पदर खोचला. समोर एक नवी सून. खुर्ची मी लाजेने कोपऱ्यात सरकवली होती. फुगडी काही पूर्वीसारखी रंगली नाही. थोड्याच वेळात वहिनींचा श्वास वर आला, त्या थांबल्या. दोघीजणी हात द्यायला पुढे सरसावल्या, तशी त्यांनी मान हलवली. हात छातीशी बांधले. मांड्या थरथरताना दिसत होत्या. आणि त्या उठल्या. कोणाचंही बोट न धरता, सावकाश, पूर्ण उठल्या.

गलका ओसरल्यावर म्हणाल्या, "परीक्षक कुठे गेले? बसवा त्यांना खुर्चीत!" आणि बायकांनी मला खरंच बसवलं.

दादा रिटायर झाला, दोघं नाशिकला गेली. सामान बांधताना वहिनी म्हणाल्या, "खुर्ची ठेवून जातेय. आता तुमची पाळी. हात मोकळे ठेवा."

गेल्या हिवाळ्यात नाशिकहून पुतण्याचा फोन आला. वहिनी गेल्या. सकाळी देवासमोरून उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या म्हणे, नेहमीसारख्या. गाझियाबादच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी त्याच खुर्चीत बसलो होतो. फोन ठेवला. उठायला म्हणून हात दांड्यांवर गेले. ते काढून घेतले, छातीशी बांधले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा उठलो. क्रेन मागवावी लागली नाही.