सेवेचे तास

आमच्या शेजारच्या काकूंना प्रवेश नाकारेल असं मंडळ अमेरिकेत अजून निघालेलं नव्हतं, आणि निघालं असतं तर महिन्याभरात काकू त्याच्या अध्यक्ष झाल्या असत्या. मी लग्न होऊन नेपरव्हिलला आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे काकू जातील तिथे मला सोबत न्यायच्या, आणि जातील तिथला कारभार हातात घ्यायच्या. दुकानात परक्या गिऱ्हाइकांना भेंडी निवडून द्यायच्या. दातांच्या दवाखान्यात वाट बघत बसलेल्या एका गोऱ्या बाईला त्यांनी लवंगेचा उपाय इतक्या खात्रीने सांगितला की ती बाई अपॉइंटमेंट कॅन्सल करून घरी गेली. काकूंचा नागपुरी आवाज इलिनॉयच्या हिवाळ्यातही कधी बसला नाही. त्यांचा मुलगा निखिल मात्र असा की त्याचं बोलणं ऐकायला घरातला टीव्ही बंद करावा लागायचा.

निखिल अकरावीत असताना शाळेने त्याला ऑनर सोसायटीसाठी अर्ज करायला सांगितलं. हे हुशार मुलांचं मंडळ. पण नुसते मार्क असून भागत नाही, नेतृत्व, समाजसेवा आणि चारित्र्यही लागतं, असं त्याने आईला समजावलं. काकू म्हणाल्या, "चारित्र्याचं काय एवढं? आमच्या शाळेत दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असं सगळ्यांनाच लिहून द्यायचे. मास्तरांची सायकल विकणाऱ्या पोट्ट्यालाही दिलं होतं." नेतृत्वासाठी त्यांनी निखिलला बुद्धिबळाचा क्लब काढायला लावला. सभासद दोघेच असल्यामुळे अध्यक्षाची निवडणूक शांततेत पार पडली.

राहिली सेवा, तिचे ठरावीक तास भरून दाखवावे लागायचे. जवळच्या एका वृद्धाश्रमात रविवारी दुपारी बिंगो चालायचा, म्हणजे आपली हाउजीच. तिथे आकडे पुकारायचं काम निखिलला मिळालं. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणून गाडी काकूंची, आणि काकूंच्या गाडीत मी. पहिल्या रविवारी निखिलने तीन आकडे पुकारले, ते फक्त त्याच्या शर्टाच्या कॉलरला ऐकू गेले. चौथ्याला काकूंनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि बाजूला ठेवून दिला. त्यांना माइकची गरजच नव्हती. नागपूरच्या क्लबातल्या हाउजीची सगळी यमकं त्यांना पाठ होती. अकरातले दोन एक म्हणजे दोन पाय, म्हणून त्यांनी दणक्यात "लेग्ज इलेव्हन!" पुकारलं, तेव्हा व्हीलचेअरमधले एक आजोबा, ज्यांचा एक पाय मधुमेहाने नेला होता, म्हणाले, "माझ्यापुरतं साडेपाच म्हणत जा." काकू ओशाळतील असं मला वाटलं. त्या खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि पुढे दर रविवारी त्या आजोबांसाठी साडेपाचच पुकारू लागल्या.

सगळा हिवाळा असा गेला. काकू पुकारायच्या, निखिल चहा-कॉफी द्यायचा आणि तास त्याच्या नावावर जमा व्हायचे. मग एका रविवारी परत येताना गाडीत तो म्हणाला, "आई, आय टोल्ड द स्कूल. ते तास तुझे होते." काकू घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मागच्या सीटवर मी घाबरून बसले होते, कारण असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

शाळेने त्याला या वर्षी घेता येणार नाही असं कळवलं. दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसल्या, वर जाड कोट चढवला आणि साक्षीदार म्हणून मला घेऊन शाळेत गेल्या. वाटेत त्यांनी भाषणाची तालीम केली: कॉफी वाटणं ही सेवा नाही तर काय आहे, आकडे काय कोणीही पुकारतं, पोरगा उगाच स्वतःला कमी लेखून राहिला. सोसायटीचं काम बघणाऱ्या बाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं. निखिल आम्हाला जे म्हणाला ते खरं आहे का?

काकूंनी तोंड उघडलं. "नाही" एवढंच म्हणायचं होतं. पोराचं मंडळ त्या एका शब्दावर अडलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"माझा मुलगा खोटं बोलत नाही," काकू म्हणाल्या, आणि पर्स उचलून उठल्या.

पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला. म्हणाल्या, "जिंकलेली केस मीच हरून आले."

नव्या सभासदांचा समारंभ झाला त्या संध्याकाळी ओळखीच्या सगळ्या आया कॅमेरे घेऊन शाळेत गेल्या. काकूंनी आश्रमात फोन करून बिंगो रविवारऐवजी त्याच दिवशी ठेवायला लावला होता. तिथे पोचल्यावर त्यांनी माइक निखिलच्या हातात दिला आणि स्वतः एक कार्ड घेऊन आजोबांशेजारी जाऊन बसल्या. निखिल तसाच हळू पुकारत होता. सगळी म्हातारी माणसं कानामागे हात धरून पुढे वाकली होती, आणि एकमेकांना आकडे सांगत होती. मी काकूंच्या मागे उभी होते. त्यांच्या कार्डावरची एक अख्खी ओळ भरली, ते मला दिसलं. आता काकू "बिंगो!" ओरडणार आणि भिंती हादरणार म्हणून मी वाट बघत राहिले.

काकूंनी कार्डावर अलगद तळहात ठेवला. निखिल पुढचा आकडा पुकारत होता.