आजोबांचं रेकॉर्डिंग कोण मागतं?

ईशा, रोहन, हे मी इथे घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहितेय, कारण फोनवर तुम्ही विषय बदलता.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'भूत' हा शब्द मी लिहिणार नाही. श्रीगोंद्याच्या आपल्या घरात, भर दुपारी जे पाहिलं तेवढंच सांगते.

तुम्ही मेलबर्नला गेल्यापासून मी तुमच्यासाठी गोष्टी रेकॉर्ड करायचे. तुमच्या अविनाशकाकाने त्या आपल्या घरातल्या सर्व्हरवर ठेवल्या आणि कुठली गोष्ट मागितली जाते ते दाखवणारा, त्याला जोडलेला एक छोटा स्क्रीन मला जेवणाच्या टेबलाशी लावून दिला. जे वारंवार मागितलं जातं, म्हणजे ऐकायला लावलं जातं, ते 'कॅशे'त, म्हणजे हाताशी राहतं. कुणी मागेनासं झालं की तिथून बाहेर काढतात, ते 'इव्हिक्शन'. माझ्या गोष्टी रोज हाताशी दिसायच्या. नातवंडं ऐकतायत... किती बरं वाटायचं!

एकदा अविनाश बोलून गेला, "आई, तो माझा प्रोग्राम आहे. रोज आपोआप मागतो. तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"आणि मुलं?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तुम्ही तर म्हणायचात, "आजी, मस्त होती गोष्ट!"

मी प्रोग्राम बंद करायला लावला. माझ्या गोष्टी एकेक करून बाहेर गेल्या. एकच रेकॉर्डिंग राहिलं – उसाला दारं कसं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी कसं द्यायचं, ते कुठे फोडायचं, हे आजोबांनी जाण्याआधी स्वतःच्या आवाजात सांगितलेलं. दुपारच्या जेवणानंतर कुणीतरी ते मागत होतं.

"पुन्हा तूच ना?"

"नाही गं, शपथ!"

त्याच्या शपथेवर आता कसा विश्वास ठेवू? त्याने सर्व्हरची नेटची वायर काढून माझ्या हातात दिली. फोन, लॅपटॉप सगळं बंद केलं. आम्ही स्क्रीनसमोर बसलो... आणि मागणी आली. अविनाशचा चेहरा उतरला. "आई, हे शक्यच नाही."

भांडी घासता घासता सखूबाई म्हणाली, "मालकच असतील की! सोताचा आवाज ऐकायची लई हौस हुती त्यास्नी."

मला हसू आलं नाही. कारण कोण मागतं ते अजूनही कळलेलं नाही. नवीन गोष्टी मात्र मी बंद केल्या आहेत.

एकच सांगते – हे वाचून आता घाईघाईने ते रेकॉर्डिंग लावू नका. तुमची मागणी त्यात मिसळली, तर आजोबांना खरंच कोण ऐकतं ते मला कधीच कळायचं नाही.