सातव्या बाटलीतलं पाणी

तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत पाणी आणून देणाऱ्या माणसाला सगळे बाटलीमामा म्हणत. त्यावरून सासुरवाडीत व्हायचे ते गैरसमज होऊन गेले होते. दर सोमवारी मामा होडी काढायचे, ठरलेल्या सात जागांचं पाणी सात बाटल्यांत भरून टेबलावर ओळीनं मांडायचे. गंमत अशी, की सहा जागा काठाकाठानं होत्या आणि सातवी तळ्याच्या मधोमध. मामांना तर पोहता येत नव्हतं! नोकरी मागताना "पोहता येतं ना?" या प्रश्नावर त्यांनी छाती फुगवून मान हलवली होती. तेव्हापासून सहा बाटल्या इमानेइतबारे आणि सातवी काठच्या लव्हाळ्यातून. पाणी ते पाणी.

आधीचे साहेब बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवून कपाटात ठेवत, त्यामुळे बावीस वर्षं सुरळीत गेली. मग आल्या नव्या मॅडम. त्या चक्क बाटल्या उघडून पाहू लागल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या पाण्यातले शिकारी जीव मोजत. एका पेशीचा जीव, पण भूक राक्षसाची! त्यातल्या पिंपासारख्या एकाचं मॅडमच्या वर्णनावरूनच मामांनी ढोल्या असं बारसं केलं होतं. हा ढोल्या आपल्याहून मोठा, चपलेसारखा दिसणारा जीव अख्खा गिळतो म्हणे.

एक दिवस मॅडम हसत आल्या. "मामा, ढोल्याचं खाणं काठाशी, कुजक्या पानांत. तरी आपल्या तळ्यात तो मधोमध सापडतो! लेख छापून येतोय. हे बघा, शेवटी तुमचं नाव. उद्या फक्त एकदा मी स्वतः सातवर येते."

वीजबिल सोडलं तर मामांचं नाव कधी कुठे छापून आलं नव्हतं, आणि बिलावरही ते चुकलेलं होतं. पानावरचं नाव बघून त्यांचा ऊर भरून आला आणि दुसऱ्याच क्षणी उद्याची सातवी जागा आठवली.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पट्टीची पोहणारी. "मग आता काय हो?"

"ढोल्यांना मधोमध नेऊन सोडू."

पहाटे होडी निघाली. वल्ही मामींच्या हातात, लव्हाळ्यातल्या पाण्याच्या अकरा बादल्या मध्ये आणि मामा दोन्ही कडा घट्ट धरून. मधोमध पोचल्यावर मामींनी एकेक बादली ओतली. शेवटची रिकामी करून त्या म्हणाल्या, "अहो, आज आलोच ना इथवर. इतकी वर्षं इथे बाटली भरायला मला हाक मारली असतीत तर काय बिघडलं असतं?"

मामांनी कडा आणखी घट्ट धरल्या.

दहा वाजता मॅडमनी स्वतः सातवं पाणी काढलं. तासभर थेंबामागून थेंब तपासला. "एकही नाही... थांबा, एक आहे. बघा मामा."

मामांनी पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकात डोकावलं. एकटा ढोल्या गरगरत हिंडत होता. वाळला होता बिचारा.

"उपाशी आहे," मॅडम म्हणाल्या. "इथे त्याच्या तोंडी लागेल असं काहीच नाही. मग हा आला कसा?"

बिचारा आपल्यापायी परक्या पाण्यात उपाशी भटकतोय, हे मामांना सोसेना. "मी आणला," ते म्हणाले. "बादलीतून." मग लव्हाळं, पोहणं, सगळंच ओकून टाकलं.

मॅडम रागानं लाल झाल्या. दोन वर्षांचं काम होतं. त्यांनी लाल पेन घेतलं आणि लेखातली सातव्या जागेची सगळी पानं खसाखसा खोडली. शेवटच्या पानावर फक्त मामांचं नाव उरलं.

"तेवढं राहिलं खोडायचं," मामा खालमानेनं म्हणाले.

"बाकीच्या सहा बाटल्या खऱ्या ना?"

"देवाशपथ."

"मग राहू दे. आणि सोमवारपासून सातवर मामींना घेऊन जायचं. त्यांचं नाव काय?"

मामांनी ते तीनदा, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. वीजबिलासारखं व्हायला नको. मॅडमनी ते लिहिलं, मामांच्या नावाच्या वर.