ती मुलगी का येईनाशी झाली

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पालघरला राहणाऱ्या मुलाने एकदा सरळ विचारलं, तेव्हा मी पेपर उघडून बसलो. पण मी गेल्यावर गावात एवढंच उरेल की विद्यापीठाच्या लोकांना माझी बायको नकोशी झाली. ते खरं नाही.

आमचं घर नवापूरला. होडी भावांनी सांभाळली. मी तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी केली. बायकोने जन्मभर बोंबील वाळवले आणि बोईसरच्या बाजारात बसून विकले. तिचे गुडघे गेले, मी निवृत्त झालो, आणि घरात आम्ही दोघंच राहिलो.

एका बुधवारी विद्यापीठाची एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. किनाऱ्यावरच्या गावांत आरोग्याचा अभ्यास चाललाय म्हणाली. मी खुर्ची पुढे ओढली. रोज पेपर वाचणारा माणूस मी, बीपी मला, साखर मला.

"लिहा," म्हटलं, "माझ्यापासून सुरू करा."

"आमचा अभ्यास फक्त वयस्कर बायकांचा आहे, काका."

तेव्हाच काहीतरी टोचलं. मी विचारलं, यातून आम्हाला काय मिळणार? तिने आढेवेढे घेतले नाहीत. "तुम्हाला लगेच काहीच नाही. दुखलं तर बायका कुणाला सांगतात, दवाखान्यात जायला का थांबतात, एकट्या पडल्या की झोपेवर, जेवणावर काय होतं, हे आम्हाला समजून घ्यायचंय. ते कळलं तर पुढे दवाखान्याची वेळ, तिथलं बोलणं-वागणं बदलता येईल." मग बायकोकडे वळून म्हणाली, "आणि मावशी, नको वाटलं तर कधीही थांबा. कारण सांगायची गरज नाही. आम्ही परत विचारणार नाही."

बायको म्हणाली, "थांबू कशाला? बोलायला तर सांगतेस, डोंगर चढायला नाय."

मुलाखत एकट्यात घ्यायची असा त्यांचा नियम. म्हणजे माझ्याच घरात मी पडवीत. दर बुधवारी बायको ठेवणीतली साडी नेसू लागली. सुक्या बोंबलाची चटणी आधी त्या मुलीच्या डब्यात जायची, मग माझ्या ताटात. आत दार लोटलेलं, आणि दारामागून हसणं. ते हसणं मी तिच्या तोंडून ऐकलं होतं ते बाजारातल्या बायकांबरोबर. माझ्याशी बोलताना नाही.

एकदा मी पेपर मिटून कान दिला.

"दुखलं तर सगळ्यात आधी कुणाला सांगता, मावशी?"

"कुणाला सांगू, बाय? ह्यांना सांगितलं तर हेच अंथरूण धरतात. मंग माझं दुखणं ठेवायचं बाजूला आन् ह्यांना चहा करून द्यायचा."

दोघी खदखदून हसल्या. मला राग आला तो थट्टेचा नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण इतक्या वर्षांत हे ती मला बोलली नव्हती आणि कालच्या पोरीला बोलली.

संध्याकाळी मी विचारलं, "काय विचारते ती एवढं?"

"कायबाय."

"आणि तू काय सांगतेस?"

"जे हाय ते."

पुढच्या खेपेला मुलीलाच गाठलं. ती म्हणाली, "मावशी बोलतात ते मी कुणालाच सांगू शकत नाही, काका. तुम्हालाही नाही." अगदी नम्रपणे म्हणाली. मला मात्र वाटलं, माझ्या बायकोच्या मनाची किल्ली आता हिच्याकडे, आणि मी दाराबाहेरचा भाडेकरू.

त्यानंतरच्या बुधवारी मी रिक्षास्टँडवर जाऊन उभा राहिलो. ती उतरताच म्हटलं, "मावशींना आता नको झालंय. तुम्ही गेल्यावर त्यांना झोप लागत नाही."

तिचा चेहरा पडला. "मी एकदा त्यांनाच भेटून विचारू का?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, कारण सांगायची गरज नाही म्हणून?"

तिचा नियम मी तिच्यावरच उलटवला होता. "सॉरी काका," ती म्हणाली, "मावशींना माझे आभार सांगा." तो निरोपही मी पोचवला नाही.

घरी बायको साडी नेसून बसली होती. दुपार टळल्यावर म्हणाली, "गाडी नसंल मिळाली." पुढच्या बुधवारीही साडी नेसून वाट पाहिली. मग एक दिवस ती मुलगी समोरच्या घरी जाताना दिसली. बायको भिंतीला धरून पायरीपर्यंत गेली. मुलीने लांबूनच हात जोडले, ओशाळं हसली आणि आत गेली. दिलेला शब्द ती पाळत होती. बायकोला तो नकार वाटला.

"अवो, मी काय चुकीचं बोलले का तिला? तुमाला काय म्हणाली का ती?"

"मला कशाला काय म्हणेल?" मी म्हटलं. आणि लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. आता ती मला विचारत होती.

बरं वाटणं टिकलं नाही. ती माझ्याशी जास्त बोलू लागली नाही. कुणाशीच बोलेनाशी झाली. अभ्यास संपल्यावर त्यांनी शाळेत सगळ्या बायकांना बोलावून काय आढळलं ते सांगितलं. समोरची शेजारीण हाक मारायला आली.

"चल गं, तू पन होतीस ना!"

"मला मदीच काढली त्यांनी," बायको म्हणाली. "शिकल्यासवरल्या पोरी त्या. आमचं बोलनं त्यांच्या काय कामाचं?"

मी पडवीत होतो. ऐकत होतो. उठलो नाही.

तिचं पोटाचं दुखणं मला फार उशिरा कळलं. त्या मुलीला आधी कळलं असतं का, देव जाणे. पालघरच्या हॉस्पिटलात तिच्या खाटेशेजारी बसून मी सुरुवात केली, "ती विद्यापीठाची मुलगी यायची ना…"

तिने डोळे उघडले. "जाऊ द्या. चांगली होती बिचारी. मीच जास्त बोलायची."

मी म्हटलं, "पाणी देऊ?" तिने मानेनेच हो म्हटलं, मी पाणी पाजलं, आणि ती झोपली. पुन्हा तशी शुद्धीवर आली नाही. जे सांगायला तोंड उघडलं होतं ते एवढंच होतं: तू जास्त बोलली नाहीस, काही चुकली नाहीस. तिला मी परत पाठवलं. मला माफ कर.