नागोजीमामांचे टायर

"रबर नाही, वास नाही, तरी झिजतंय नोडी, बघा!"

पार्टिशनच्या पलीकडून कोणीतरी हे इतक्या कौतुकानं म्हणालं, की मी माझी पडद्यावरची शर्यत तशीच सोडून डोकावले. तीन पडद्यांसमोरच्या सीटवर साठीचे एक गृहस्थ बसले होते. अंगात खाकी शर्ट, नखांत साबणानं न जाणारं काळं. पडद्यावरच्या कोपऱ्यात गाडीच्या चार टायरांची चित्रं हिरव्याची पिवळी होत होती.

"डावीकडचं पुढचं आधी का गेलं?" ते त्या रेसिंग गेमच्या सेंटरच्या मालकाला, श्रीनाथला, विचारत होते. "मी वळणावर पिळलं म्हणून, अल्लवा? हो ना?"

श्रीनाथला उत्तर माहीत नव्हतं. मला होतं. मी माझ्या सीटवर परतले.

ते नागोजीराव, सगळ्यांचे मामा. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आलेले मराठे. त्यांचं स्वतःचं येलवालजवळ, हुणसूर रस्त्यावर तीस वर्षं टायरचं दुकान होतं. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपायचं. माझे आईबाबा नोकरीसाठी पुण्याहून इथे म्हैसूरला आले, माझी शाळा इंग्रजी. बोलण्याआधी मी वाक्य मनात तपासते आणि तोवर विषय बदललेला असतो. देवराज मोहल्ल्यात शिंप्याच्या दुकानावरच्या त्या सेंटरमध्ये मी दर रविवारी सकाळी जायचे, कारण तिथे अनोळखी माणसांशी तासभर झुंजता यायचं आणि एक शब्द बोलावा लागायचा नाही.

"पुट्टी, अगं पोरी, तुझी गाडी टायर खात नाही. कसं?" पुढच्या रविवारी त्यांनी मलाच विचारलं. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, ब्रेक कुठे सोडते ते. त्यांनी मान डोलावली. महिन्याभरात ते माझ्यापेक्षा चांगले चालवू लागले.

आकडे त्यांना नको असायचे. हेडफोनमधून येणारा टायरांचा आवाज ऐकून ते चालवायचे. "ओरडायच्या आधी टायर कुजबुजतं. तेव्हाच ऐकायचं. ओरडल्यावर काय, सगळ्यांनाच ऐकू येतं." एकदा त्यांनी मला दुकानात नेलं आणि लॉरीच्या टायरवर माझा तळहात ठेवला. "इकडून फिरव. गुळगुळीत? आता उलटा फिरव. टोचतं, अल्लवा? म्हणजे चाकं तिरकी बसलीत. आणि ड्रायव्हर बसलाय रस्त्याला शिव्या देत." तो ड्रायव्हर शेजारीच चहा पीत होता. तोही हसला. मामांनी टायर 'अजून चालेल' म्हटलं की लोक उटीच्या घाटात गाडी घालायचे, इतका त्यांचा शब्द.

आता दुकान धाकट्या भावाकडे आहे आणि मामा दावणगेरेला मुलीजवळ राहतात.

ते इथे होते तेव्हा श्रीनाथनं त्यांचं नाव एका ऑनलाइन लीगमध्ये घातलं. लांब शर्यतीत मागे बसून दोन्ही गाड्यांच्या वेळा बघायला कोणीतरी लागतं, ते काम माझ्याकडे आलं. श्रीनाथनं मला हेडसेट दिला. मी तो मांडीवर धरून बसले. मामांनी एकदा हेडसेटकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बोलू नको. टकटक कर. सीटच्या या पाइपवर. एकदा म्हणजे बाहेरच राहा, दोनदा म्हणजे टायर बदलायला आत ये. दोनदा वाजलं की मी आत. प्रश्न नाही."

मी का बोलत नाही, हे सगळे विचारतात. त्यांनी कधीच विचारलं नाही.

शेवटची शर्यत पुण्याच्या तेजसशी, तीस फेऱ्यांची. मऊ टायर जोरात पळतात पण अकरा-बारा फेऱ्यांत संपतात. कडक टायर हळू, पण वीस टिकतात. दोन्ही वापरायचे हा नियम, म्हणून खरा खेळ टायर बदलायला पिटमध्ये कधी शिरायचं याचा. आम्ही ठरवलं होतं: आधी कडक, विसाव्या फेरीला आत, मग मऊ टायरांवर शेवटच्या दहा. कागदावर 'वीस' मीच लिहिलं होतं. येलवालच्या दुकानात मंडळी फोनभोवती जमून बघत होती. त्यात मामांच्या शब्दावर घाट चढणारे लॉरीवालेही होते.

तेजस बाराव्या फेरीला आत गेला. नवे टायर घालून तो प्रत्येक फेरीत दीड सेकंद खाऊ लागला. हे होणारच होतं, आम्हाला माहीत होतं. तरी आमच्या आघाडीचा आकडा उतरताना मी फक्त तोच बघत राहिले. चौदाव्या फेरीला मी दोनदा टकटक केलं.

"इष्टु बेग? एवढ्या लवकर?" मामा पुटपुटले. पण स्टिअरिंग वळलं होतं.

गाडी पिटमधून बाहेर आली तेव्हा मला माझी चूक कळली. अकरा फेऱ्यांचे टायर आता सोळा फेऱ्या पुरवायचे होते. मामांना ते आधीच कळलं असणार. त्यानंतर त्यांनी जे चालवलं तसं मी आजवर पाहिलेलं नाही. वळणावर गाडी अशी ठेवायचे, जणू मांडीवर मूल झोपलंय. "निधान, निधान," ते टायरांना सांगत होते. हळू, हळू. एकोणतिसाव्या फेरीपर्यंत त्यांनी ते टायर जगवले. शेवटच्या फेरीत मागचं चाक घसरलं आणि तेजस वळणाच्या आतल्या बाजूनं पुढे निघून गेला.

शर्यतीनंतर सगळ्यांचे माइक उघडले. लीग चालवणाऱ्यानं विचारलं, "मामा, चौदाव्या फेरीलाच आत? का?"

"संपले वाटले. अंदाज चुकला," मामा म्हणाले. "वय झालं, अल्लवा."

"काका, दुकान टायरचंच आहे ना?" तेजस म्हणाला. "का फक्त हवा भरता?"

खूप जण हसले. कोणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, की आता यांच्याकडून टायर घेताना विचार करायला हवा. मामाही हसले आणि सीटचा पट्टा सोडू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, की मागे कोणीतरी आहे.

मी मांडीवरचा हेडसेट कानाला लावला आणि बटण दाबलं.

"मी ईशा. मी मामांच्या मागे बसते. टायर संपले नव्हते, अजून सहा फेऱ्या होत्या, आणि मामांना ते माहीत होतं. घाबरले मी. आत मी बोलावलं."